जावक क्रमांक नसलेलं कार्ड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पाणीपुरवठा विभागाचे मुख्य अभियंता साहेब. व्यासपीठावर बसलेले कर्मचारी संघाचे कार्यवाह आणि भांडार विभागाच्या प्रमुख बाई. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे ‘क्रमानेकाका’ म्हणतो. पहिल्या रांगेत बसलेल्या, पण खरं तर इथे वर बसायला हव्या होत्या त्या आमच्या काकू. मीटर चाचणी कार्यशाळेतले माझे सहकारी. आणि मागे दाराशी उभे असलेले, म्हणजे लवकर निघायच्या बेतात असलेले मित्रहो,

माझ्याआधी तिघे बोलले आणि तिघांनीही काकांना ‘नियमाचा पुतळा’ म्हटलं. मी काही वेगळं सांगणार नाही. फक्त या पुतळ्याने एकदा नियम मोडला होता, तेवढं सांगायला उभी आहे. काका, मान खाली घालू नका. तुमची परवानगी मी घेतलेली आहे, आणि तीही लेखी. तुम्ही ती तिसऱ्या दिवशी दिलीत, कारण माझ्याआधी दोघांचे कागद होते.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. काका एकतीस वर्षं आपल्या आवक-जावक खिडकीवर आहेत. बाहेरून आलेल्या प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक टाकायचा, इथून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक टाकायचा, आणि आलेलं पत्र योग्य त्या फाईलला लावायचं, हे त्यांचं काम. कुणी विचारलं, “माझ्या कामाचं काय झालं हो?” की उत्तर एकच, “क्रमाने येईल.” त्यावरून हे नाव पडलं. काका तर ते अडतिसाव्या वर्षीच झाले होते, केस काळे असताना.

निवृत्त होताना प्रत्येकाला एक दाखला लागतो. ‘या कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतेही प्रकरण प्रलंबित नाही’, एवढी एक ओळ. खाली कार्यालय अधीक्षकांची, म्हणजे आता माझी सही. आज काकांचा शेवटचा दिवस, आणि आज सकाळी दहा वाजेपर्यंत त्या दाखल्यावर सही नव्हती. हार आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, पण दाखला कोरा होता. असं का, हे सांगायचं तर मला बावीस वर्षं मागे जावं लागेल. थोडक्यात सांगते. कार्यवाहांनी घड्याळ बघितलेलं माझ्या लक्षात आलंय.

बावीस वर्षांपूर्वी मी एकोणतीस वर्षांची होते. आमच्या यजमानांचा कारखाना बंद पडला होता. ते टर्नर. दिवसभर घरातले कडी-कोयंडे काढून पुन्हा बसवायचे. मी पाण्याचे मीटर दुरुस्त करायचा अभ्यासक्रम केलेला होता, आणि इथे चाचणी सहायकाची एक जागा रिकामी आहे असं कळलं होतं. अट अशी होती, की नेमणुकीच्या दिवशी वय तीस पूर्ण झालेलं नसावं. माझ्या हातात आठ महिने होते. मी अर्ज केला आणि वाट बघायला लागले.

उत्तर नाही.

आता इथे आमच्या सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. मामंजी शाळेत भाषा शिकवायचे. निवृत्त झाले तरी लाल पेन्सिल सुटली नव्हती. किराणा दुकानदाराची चिठ्ठीसुद्धा ते दुरुस्त करून परत पाठवायचे. महिना झाला, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “सूनबाई, स्मरणपत्र लिहायचं. महिन्याला एक. त्याच्या आधी लिहिलं तर उतावीळ दिसतं, उशिरा लिहिलं तर गरज नाही असं वाटतं. महिन्याचा पहिला सोमवार ठरवून टाक.”

तिथून आमच्या घरात दर महिन्याला एक सोहळाच सुरू झाला. मी कच्चा मसुदा लिहायचा, मामंजींनी लाल पेन्सिल फिरवायची. ‘कळवावे’ खोडून ‘कळविण्याची कृपा करावी’. ‘वाट पाहत आहे’ खोडून ‘प्रतीक्षेत आहे’. सासूबाई आतून ओरडायच्या, “अहो, किती वाकायला लावताय तिला! एकदा सरळ विचारा ना, देताय की नाही?” मामंजी म्हणायचे, “सरळ विचारलं की सरळ नकार येतो. आपल्याला नकार नकोय.” यजमान दाराची कडी हातात घेऊन बसलेले. पत्र टाकायला मात्र तेच जायचे, आणि पेटीत हात घालून पत्र खाली पडलं की नाही ते बघून यायचे.

अशी पाच स्मरणपत्रं गेली. पाचवं इतकं नम्र होतं, की मला स्वतःलाच ते दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं. उत्तर एकालाही नाही. मंडळी, तुमच्यापैकी कितीजणांनी असं पत्र लिहिलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे. उत्तर ‘नाही’ आलं तर माणूस दोन दिवस जेवत नाही आणि मग कामाला लागतो. उत्तरच आलं नाही तर काय करायचं? रोज टपालवाल्याच्या सायकलकडे बघायचं. मी तेच करत होते.

पाचव्या पत्रानंतर चार दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. हे ते कार्ड. मागच्यांना दिसणार नाही, मी वाचते. ‘आपले पत्र मिळाले. कृपया यापुढे स्मरणपत्र पाठवू नये.’ संपलं. खाली सही नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे कबूल करायला मला आज काही वाटत नाही. सासूबाईंनी कार्ड पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काका, माफ करा, तेव्हा आम्हाला तुमचं नाव माहीत नव्हतं. मामंजींनी मात्र चष्मा लावला, कार्ड उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग म्हणाले, “हा नकार नाही. नकाराला जावक क्रमांक असतो. यावर क्रमांक नाही, शिक्का नाही, सही नाही. हे कार्ड कार्यालयाने पाठवलेलं नाही. कार्यालयातल्या कुणा माणसाने पाठवलंय.”

एवढं अचूक ओळखलं त्यांनी. आणि मग काय सुचवलं? सहावं स्मरणपत्र! ‘आपल्या कार्डाचा आशय स्पष्ट करण्याची कृपा करावी.’ शिक्षकाचा स्वभाव, दुसरं काय. मला तीस पूर्ण व्हायला तेव्हा सात आठवडे राहिले होते. मी पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, आणि टपालावर विश्वास राहिला नव्हता म्हणून स्वतः घेऊन इथे आले.

खिडकीत काका होते. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी सवयीने एका हाताने पाकिटाला हात लावला, दुसऱ्या हाताने शिक्का उचलला, पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, आणि शिक्का तसाच हवेत राहिला.

मग हळूच म्हणाले, “बाई, टपाल घेणं माझं काम आहे. तुम्ही दिलंत तर मला घ्यावंच लागेल आणि क्रमांकही पडेल. पण आधी दहा मिनिटं त्या बाकावर बसा.”

“कशाला?”

“दमला असाल. बसा आणि समोर बघा.”

मला राग आला, पण बसले. समोर दार उघडं होतं. आत अधीक्षकांचं टेबल, टेबलाच्या कडेला फायलींचा हा एवढा ढीग, माझ्या छातीपर्यंत येईल असा. काही वेळाने एक गृहस्थ आले, त्यांनी खिडकीत एक पत्र दिलं. म्हणाले, “माझ्या अर्जाचं स्मरणपत्र आहे.” काकांनी शिक्का मारला, क्रमांक टाकला, आत गेले. ढिगाच्या वरून तिसरी फाईल ओढून काढली, तिला ते पत्र लावलं, दोरा बांधला. आणि फाईल ढिगाच्या तळाशी सारली. अगदी तळाशी. त्यासाठी अख्खा ढीग छातीशी धरून उचलला त्यांनी. ते गृहस्थ तोवर समाधानाने जिना उतरले होते.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथला नियम असा होता, की अधीक्षकांनी ढिगातली वरची फाईल घ्यायची आणि नवीन कागद लागलेली फाईल तळाशी जायची. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला होता. घाई करणाऱ्याला पुढे घेतलं जाऊ नये, जुन्या कामाला आधी न्याय मिळावा. तळापासून वर यायला फाईलीला सहा आठवडे लागायचे. आणि आम्ही दर चौथ्या आठवड्याला, मामंजींच्या लाल पेन्सिलीने सजवून, एक नम्र पत्र पाठवत होतो. माझा अर्ज कुणी दाबला नव्हता की हरवला नव्हता. तो पाच वेळा वर येत होता आणि पाच वेळा मीच त्याला खाली ढकलत होते.

मी पाकीट पर्समध्ये टाकलं. खिडकीशी गेले. काकांनी विचारलं, “काही द्यायचंय?”

मी म्हटलं, “नाही. पाणी प्यायला आले होते.”

“नळ डावीकडे आहे,” ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आता लक्षात घ्या, काकांनी माझी फाईल एका बोटाने वर सरकवली नाही. ती त्यांच्या हाताशी होती. कुणाला कळलंही नसतं. पण ते त्यांच्या मनातही आलं नसेल. त्यांना फक्त एवढंच बघवलं नाही, की एक बाई दर महिन्याला स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेते आहे आणि तिला ते माहीत नाही. कार्यालयाची आतली पद्धत बाहेर सांगायला बंदी होती, म्हणून त्यांनी सांगितली नाही. कार्डावर जेवढं लिहिता येईल तेवढंच लिहिलं. ते मला कळलं नाही, तेव्हा बाकावर बसवलं.

नंतरचे सहा आठवडे आमच्या घरात काय झालं, ते विचारू नका. पहिला सोमवार आला. मामंजी सकाळपासून लाल पेन्सिलीला टोक काढत बसले होते. दुपारी न राहवून त्यांनी आपल्या लेकीला पत्र लिहिलं, त्यात ‘कळविण्याची कृपा करावी’ असं घातलं, आणि मग जरा शांत झाले. पत्र लिहायला आठ महिन्यांत मला कधी धैर्य लागलं नाही. न लिहायला लागलं. तारीख जवळ येत होती, आणि आपण काहीच करत नाही आहोत या विचाराने मी हाताला लागेल ते घासत होते.

तीस पूर्ण व्हायला सहा दिवस असताना चाचणीचं बोलावणं आलं. जावक क्रमांकासह. मामंजींनी आधी क्रमांक वाचला, मग मजकूर. टेबलावर चार मीटर लावले होते. त्यातून पाणी सोडायचं, टाकीत किती पडलं ते मोजायचं, काटा किती म्हणतो ते बघायचं, आणि खोटं बोलणारा मीटर ओळखून दुरुस्त करायचा. दुसरा मीटर कमी दाखवत होता. आत चाकावर रेतीचा एक कण बसला होता. वयाची मर्यादा संपायला दोन दिवस असताना मी या कार्यशाळेत रुजू झाले. त्या पगारावर आमचं घर उभं राहिलं, यजमानांनी पुढे स्वतःचं दुकान टाकलं, पोरं शिकली. हे सगळं त्या कार्डामुळे झालं, असं मी म्हणते.

रुजू झाले त्या दिवशी मी काकांचे आभार मानायला खिडकीशी गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी रुजू अहवालाची वही पुढे केली. “मी आपल्याला ओळखत नाही,” असं म्हणाले. “इथे सही करा.” त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एका इमारतीत काम केलं. त्या कार्डाचा विषय त्यांनी एकदाही निघू दिला नाही. मला वाटायचं, विनय असेल.

विनय नव्हता तो. गेल्या महिन्यात मी त्यांचा दाखला सहीसाठी पुढे ओढला, तर काका स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, सही करू नका. माझ्याविरुद्ध एक प्रकरण प्रलंबित आहे.”

“कुणी केलंय?”

“मीच.”

कार्ड टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी तेव्हाच्या अधीक्षकांना लेखी कळवलं होतं: ‘मी काल एका अर्जदारास कार्यालयाच्या परवानगीवाचून खासगी कार्ड पाठवले. हा नियमभंग आहे. आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत आहे.’ आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी नियम असा, की महिनाभरात उत्तर न मिळाल्यास त्याने स्मरणपत्र द्यावे. काकांनी दिलं. आणि आवक-जावकचा नियम असा, की स्मरणपत्र लागलेली फाईल तळाशी जावी. काकांनी ती तळाशी ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. बावीस वर्षं.

बाहेरचे अर्ज आता संगणकावर येतात, पण कर्मचाऱ्यांचे कागद अजून त्याच ढिगात असतात, आणि ढिगाचा वेगही बदललेला नाही. याचा अभिमान बाळगायचा की लाज, ते अध्यक्षांनी ठरवावं. चार अधीक्षक आले आणि गेले, आणि पाचवी मी. कुणाच्याच हाताला ती फाईल लागली नाही. मी ती तळातून काढली. उशीएवढी जाड. आतली स्मरणपत्रं मोजली. दोनशे साठ. मध्ये काकूंच्या आजारपणात काका दोन महिने रजेवर होते, तेव्हा तरी फाईल वर यायला हवी होती. पण काका रजेवर गेले की ढीगच हलायचा थांबायचा.

काकूंना मी फोन केला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच म्हणाल्या, “पहिल्या सोमवारी हे डबा अर्धाच खातात. मला वाटायचं, माझ्या हाताचं काही चुकतंय.” मी फोन ठेवला. मला लाज वाटली. भिंतीच्या एका बाजूला मी मीटर तपासत होते, बढत्या घेत होते, आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस माझ्यासाठी केलेल्या एका कामाची शिक्षा मागत होता, नम्रपणे, दर महिन्याला.

मी काकांना विचारलं, “तुम्हाला तर ढिगाची पद्धत जगात सगळ्यांत चांगली माहीत. एक महिना थांबला असतात तर फाईल वर आली असती. थांबला का नाहीत?”

काका म्हणाले, “मला कार्ड कोण पाठवणार होतं?”

मी तिथल्या तिथे प्रकरण बंद करायला पेन उचललं. तर काका म्हणतात, “आपल्याला नाही देता येणार निर्णय. अर्जदार आपणच आहात.” बरोबरच होतं. मग मी ती फाईल, सोबत पुरावा म्हणून हे कार्ड जोडून, मुख्य अभियंता साहेबांकडे पाठवली. मामंजी गेल्यावर हे कार्ड मला त्यांच्या शब्दकोशात सापडलं होतं. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने शेरा आहे: ‘अक्षर उत्तम. आशय अपुरा.’

फाईल साहेबांकडे जाऊन पंचवीस दिवस झाले. साहेब, या पंचवीस दिवसांत मी आपल्याला एकही स्मरणपत्र पाठवलं नाही. दोनदा आपल्या दाराशी येऊन परत गेले. आठवण करायची नाही, हा या इमारतीत मी शिकलेला पहिला धडा होता. पण काल संध्याकाळी माझा धीर सुटत चालला होता, हे सांगते. एकतीस वर्षं सगळ्यांचे कागद सांभाळणारा माणूस स्वतःचा कागद अर्धा ठेवून घरी जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

आज सकाळी दहाला फाईल परत आली. साहेबांनी लिहिलंय: ‘नियमभंग झाला आहे. कर्मचाऱ्याने तो स्वतःहून कळविला आहे. समज देण्यात येत आहे. प्रकरण बंद.’ साहेब, माफी न देता समज दिलीत, हे फार बरं केलंत. नुसती माफी दिली असती तर काकांनी त्याविरुद्ध दाद मागितली असती. खाली दुसरी ओळ आहे: ‘यापुढे स्मरणपत्र आल्याने कोणतीही फाईल खाली जाणार नाही.’ दहा वाजून पाच मिनिटांनी मी दाखल्यावर सही केली.

अध्यक्षांचे मी मनापासून आभार मानते. आज सकाळपासून काकांना काही कळू न देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचे आभार. काकू, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. तुमच्या हाताचं कधीच काही चुकलं नव्हतं, एवढंच सांगते. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, मामंजींच्या पेन्सिलीखाली आलं असतं असं काही तोंडून गेलं असेल, तर सांभाळून घ्या. तक्रार असल्यास लेखी द्यावी, क्रमाने घेऊ.

बसण्याआधी एक टपाल द्यायचं राहिलंय. काका, जरा पुढे या. हे कार्ड मी आज स्वतःच्या हाताने लिहिलं. वाचते: ‘आपली दोनशे साठ पत्रे मिळाली. कृपया यापुढे स्मरणपत्र पाठवू नये.’ खाली माझी सही आहे, शिक्का आहे. आणि हो, काका, बघताय ना? जावक क्रमांकही आहे.

इथे सही करा.